कणकेचा गोळा आणि सामवेद

आषाढीच्या अंकात भजनाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर देवापुढच्या गाण्यालाच दिलंय. नव्या वाचकांसाठी सांगते, मी तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं. त्याहून जास्त वर्षं खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवते आहे. जे वाचलं आणि जे हाताखालून गेलं, त्यावरून लिहिते.

बाई, आमच्या सरांनी सांगितलं की संगीताचा जन्म सामवेदातून झाला. मोबाईलवर बघितलं तर जर्मनीत हजारो वर्षांपूर्वीची हाडाची बासरी सापडली म्हणतात. मग खरं काय? परीक्षेत काय लिहू?
*अकरावीतली विद्यार्थिनी, खानापूर*

बाळ, परीक्षेत सरांनी सांगितलेलं लिही. पण माणूस कधीपासून गातो हा एक प्रश्न आणि आपल्या संगीतशास्त्राचं मूळ कुठं हा दुसरा, एवढं मनाशी पक्कं ठेव. म्हणजे गोंधळ होणार नाही.

ती बासरी खरी आहे. नैऋत्य जर्मनीत होले फेल्स नावाची गुहा आहे, तिथं ती २००८ साली सापडली. गिधाडाच्या पंखाचं पोकळ हाड, पाच भोकं, लांबी जेमतेम वीतभर. वय किमान ३५ हजार वर्षं. चीनमध्ये ज्याहू इथं क्रौंच पक्ष्याच्या हाडांच्या बासऱ्या मिळाल्या, त्या सात ते नऊ हजार वर्षांच्या. त्यातली सगळ्यात शाबूत होती, ती वाजवूनही बघितली. हाड टिकतं म्हणून आपल्याला हे कळलं. गळा, टाळी, मांडीवरची थाप यांचं मातीत काहीच उरत नाही, त्यामुळे गाण्याची पहिली वेळ आता कुणाला सापडायची नाही. डार्विननं १८७१ साली लिहिलं की भाषा येण्याआधी नर-मादी एकमेकांना सुरांनी बोलावत असावेत, त्यातून गाणं आलं. हर्बर्ट स्पेन्सरचं म्हणणं उलट, भावना दाटल्या की बोलणंच चढउतार घेतं आणि त्याचं गाणं होतं. मला विचारशील तर तान्ह्या पोराला झोपवणारी आई या दोघांनाही दिसली नाही याचं नवल वाटतं.

आता सामवेद. त्यात १८७५ ऋचा आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या ऋग्वेदातल्याच. नवीन काय, तर गाणं. सोमयागात ‘होता’ नावाचा ऋत्विज ऋचा म्हणायचा आणि ‘उद्गाता’ नावाचा ऋत्विज त्या गायचा. गाताना तो शब्दांच्या मध्ये ‘हाउ’, ‘हो’, ‘ई’ अशी अक्षरं घालायचा. त्यांना अर्थ नाही, त्यांना ‘स्तोभ’ म्हणतात. आपल्या भजनात गजर चढला की शब्द मागे पडतात आणि सगळे ‘हो’ वर सूर लांबवतात, ते ऐकलंयस ना? शब्द पुरत नाही तिथं नुसता आवाज धरायचा, ही रीत इतकी जुनी आहे. सामातले सूर वरून खाली मोजतात, आपल्या सारेगमच्या उलट. आणि नारदीय शिक्षा हा जुना ग्रंथ सांगतो की सामगायकांचा पहिला स्वर म्हणजे बासरीचा मध्यम. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. ज्यानं ते लिहिलं त्याच्या कानात यज्ञातलं गाणं होतं आणि बासरीचंही होतं, म्हणून तर त्याला एकाची खूण दुसऱ्यावरून पटवता आली. देवघरातलं आणि बांधावरचं, दोन्ही शेजारी शेजारी नांदत होतं.

पण मला मनापासून आवडते ती स्वाती मुनींची गोष्ट. नाट्यशास्त्रात आहे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षं जुनी. अनध्यायाचा, म्हणजे पठणाला सुट्टीचा दिवस होता, आभाळ भरून आलेलं. स्वाती मुनी तळ्यावर पाणी आणायला गेले आणि पाऊस कोसळला. लहान, मध्यम, मोठ्या कमळपानांवर थेंब पडत होते आणि प्रत्येक पानाचा आवाज वेगळा. ते ऐकत राहिले. आश्रमात परतले आणि मृदंगाच्या जातीची वाद्यं घडवली. खानापूरच्या पावसात वाढलेल्या पोरीला हे पटवायला लागत नाही. परसातल्या अळवाच्या खाली पाऊस ऐक एकदा, कोवळं पान वेगळं बोलतं आणि जून पान वेगळं.

त्याच ग्रंथात मृदंगाला नदीकाठची काळी माती लावायला सांगितली आहे, खडे-वाळू नसलेली. आम्ही कणीक लावतो. माझे वडील मृदंग वाजवायचे आणि एकादशीला कणीक तिंबायचं काम माझ्याकडं असायचं, मी सात-आठ वर्षांची असल्यापासून. मीठ घालायचं नाही. पोळीच्या कणकेपेक्षा सैल. लिंबाएवढा गोळा घेऊन डाव्या तोंडाच्या मधोमध चेपायचा, थाप द्यायची, ऐकायचं. जास्त झाला तर आवाज बसतो, कमी झाला तर डब्यासारखा वाजतो. चिमूटभर काढ, चिमूटभर लाव, असं वडील डोळे मिटून सांगायचे. पहाटे भजन संपलं की ती कणीक खरवडून गायीला. राहिली तर वाळते आणि कातडं खराब होतं. माझं संगीताचं शिक्षण सामवेदानं सुरू झालं नाही, त्या गोळ्यानं झालं. कान लावणं मी तिथं शिकले.

ताई, आमच्या महिला मंडळात सगळ्या गातात, पण मृदंगाला पुरुष माणूसच हवा असं गावातली जाणती मंडळी म्हणतात. शास्त्रात तसं आहे का?
*गृहिणी, बेळगाव तालुका*

मला तरी असं कुठं वाचायला मिळालेलं नाही. माझ्या वडिलांनीही मला कणीक तिंबू दिली पण थाप मारायला बसवलं नाही, पेटीवर बसवलं. त्याची खंत अजून आहे. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जोगतिणी पिढ्यान्‌पिढ्या चौंडकं वाजवत आल्या, तिथं कुणी बाईचा हात म्हणून हरकत घेतली नाही. उलट देवीची सेवा म्हणून लहान मुलींना सोडण्याची जी चाल होती तिनं किती जणींचं आयुष्य नासलं हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ती बंद करायला १९८२ साली कर्नाटकात कायदा करावा लागला. बाईनं देवापुढं वाजवावं की नाही हे इतकी वर्षं दुसऱ्यांनीच ठरवलं. तुमच्यातल्या दोघी-तिघींना शिकायचं असेल तर उद्यापासून शिका. आठ मात्रांचा भजनी ठेका दोन महिन्यांत हातात बसतो.

आमच्या मंडळात नवीन कीर्तनकार महाराज येऊन गेले. पेटी हे साहेबांचं वाद्य, ते देवळातून काढा, वीणा-टाळ-मृदंग पुरे, असं म्हणाले. मंडळात दोन तट पडलेत. आपलं मत द्यावं.
*निवृत्त पोस्टमन, निपाणी*

काका, महाराजांचं म्हणणं इतिहास म्हणून चूक नाही. हार्मोनियम १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ यांनी केली. तिकडं मोठा ऑर्गन परवडत नसलेल्या लहान चर्चमध्ये ती जायची. तिचा भाता पायानं मारायचा. ती इकडं आली, आणि कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला मांडी घालून, डाव्या हातानं भाता मारत वाजवण्याजोगी केली. म्हणजे आपण विठोबापुढं जी ठेवतो ती मूळची फ्रान्सच्या देवळातली, पण कलकत्त्यात खाली बसायला शिकलेली.

तक्रारही जुनीच आहे. पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो, दोन सुरांच्या मधली जागा घेता येत नाही, मींड निघत नाही. याच कारणानं आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. अमृतसरच्या सुवर्णमंदिरातही २०२२ साली अकाल तख्त या शिखांच्या धर्मपीठानं पेटी टप्प्याटप्प्यानं कमी करून रबाबसारखी तंतुवाद्यं परत आणायला सांगितलं. शिखांचा गुरू ग्रंथ साहिब रागांप्रमाणे लावलेला आहे आणि आपल्या नामदेवांची ६१ पदं त्यात आहेत, म्हणून हा वाद मला परका वाटत नाही.

माझं मत विचारलंत तर पेटी काढू नका, तिची जागा बदला. चाळीस वर्षं मी ती वाजवते, म्हणून तिचा दोष मला चांगला ठाऊक आहे. ती पुढं धावते. पेटीवाला हुशार असेल तर अभंगाच्या आधीच सगळी चाल वाजवून मोकळा होतो आणि गाणारे त्याच्या मागून फरफटतात. आणि पट्टी! काळी चारसारख्या उंच सुराला धरली की दोन दमदार गळे गातात आणि बाकीचे वीस जण ओठ हलवतात. आमच्याकडं पूर्वी असंच चालायचं. एका कार्तिकीला पेटी बिघडली, भाता फाटला होता. नुसत्या वीणेवर आणि टाळावर भजन झालं. कुणीतरी आपसूक खालचा सूर धरला आणि कधी तोंड न उघडणाऱ्या म्हाताऱ्या त्या रात्री गायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पेटी दुरुस्तीला मिरजेला पाठवली खरी, पण परत आल्यावर मी पट्टी उतरवली ती आजतागायत. शिवाय पहिला ‘जय जय राम कृष्ण हरी’ आम्ही पेटीशिवाय म्हणतो. वीणेकऱ्याचा सूर लागला की मी तो शोधून धरते. तुमच्या मंडळात हे एक महिना करून बघा. दोन्ही तटांना काहीतरी मिळेल.

काही धर्मांत प्रार्थनेच्या वेळी वाद्य चालत नाही, काहींत गाणंच नको म्हणतात. देव सगळीकडं तोच असेल तर असं का?
*महाविद्यालयीन प्राध्यापक, बेळगाव*

सर, याचं कारण मला देवात सापडत नाही, गाण्याच्या ताकदीत सापडतं. ज्याची भीती वाटते त्यालाच कुंपण घालतात. नवदीक्षित बौद्ध भिक्खूंच्या दहा शीलांत नाच, गाणं, वाजवणं यांपासून दूर राहायचं शील आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये परंपरेनं वाद्य नाही, फक्त गळा. मशिदीत कुराणाचं पठण किती सुरेल असतं, पण त्याला कुणी गाणं म्हणत नाही. त्याचे उच्चाराचे, थांबण्याचे, लांबवण्याचे नियम वेगळे शिकावे लागतात. चौथ्या-पाचव्या शतकातले ख्रिस्ती संत ऑगस्टीन यांनी तर कबूलच केलंय की शब्दांपेक्षा सुरानंच मन जास्त हललं की मला पाप केल्यासारखं वाटतं. तरीही गाण्यानं दुबळं मन भक्तीकडं वळतं म्हणून ते ठेवावं, असाच त्यांचा कौल आहे.

त्यांची ही कबुली वाचली तेव्हा मी दचकले. विशीत असताना एका सप्ताहात मला एकटीला अभंग गायला मिळाला. शेवटच्या चरणावर तान घेतली, लोकांनी मान डोलावली, मी परत घेतली, तिसऱ्यांदा घेतली. घरी जाताना वडील एवढंच म्हणाले, “अभंग कुणाचा होता गं?” मला आठवेना. चाल आठवत होती, ताना आठवत होत्या, पण शेवटच्या चरणात ज्यांचं नाव येतं ते संत मी गाण्यातच विसरले होते.

आणि तरी कुंपणाच्या पलीकडं बघायचं असेल तर लांब जायला नको, आपल्या मिरजेला जा. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ सेवा म्हणून गायचे. १९३७ साली ते गेले. तेव्हापासून उरुसात त्यांच्या नावानं संगीतसभा भरते, नामवंत गवई तिथं येऊन गातात, ऐकायला हिंदू-मुसलमान सगळे. त्याच मिरजेत तंबोरे होतात. ते करणारी शिकलगार घराणी पूर्वी हत्यारांना धार लावायची. आणि त्या तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून. म्हणजे भीमाकाठचा भोपळा, मुसलमान कारागिराचा हात, आणि पुढं तो कुठल्या देवापुढं लागेल याचा नेम नाही.

आमच्या देवळात कमिटीनं आरतीचं विजेचं यंत्र बसवलं. बटण दाबलं की नगारा, घंटा, झांज सगळं वाजतं. पोरं पुण्याला, गोव्याला कामाला गेलीत, वाजवणार कोण? हे योग्य का?
*शेतकरी, हुक्केरी तालुका*

दादा, कमिटीला नावं ठेवणार नाही. संध्याकाळी देवळात पुजारी एकटाच असेल तर त्यानं एका हातात निरांजन आणि दुसऱ्या हातात काय काय धरावं?

पण एक सांगते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. चरण संपतो तिथं सगळे एकदम श्वास घेतात आणि त्यामुळे ठोक्यांचा वेगही बरोबरीनं कमी-जास्त होतो, असं त्यांना दिसलं. आपल्या आरतीत तेच घडतं. टाळ्या वाजवणारी पोरं, मागून येणारी म्हातारी, उशिरा धावत आलेला दुकानदार, कडवं संपलं की सगळ्यांचा श्वास एकदम. यंत्राला कडवं कुठं संपलं ते कळत नाही. ते श्वासाला जागा ठेवत नाही, आणि आवाज असा की शेजारी उभ्या माणसाचं ‘जय देव’ ऐकू येत नाही. मग लोक गायचे थांबतात आणि नुसते हात जोडून उभे राहतात. हे मी दोन-तीन गावांत डोळ्यांनी बघितलंय.

गुरुवारी आणि एकादशीला यंत्र बंद ठेवा. त्या दिवशी शाळेतल्या पोरांच्या हातात झांजा द्या. बेताल वाजवतील, वाजवू देत.

बाई, माझं माहेर चंदगडचं, सासर सौंदत्ती तालुक्यात. सासरी घरात कन्नड, श्रावणात रोज संध्याकाळी वचनं म्हणतात. मला शब्द येत नाहीत आणि मुळात माझा सूरच लागत नाही, शाळेत बाईंनी गाण्यातून काढलं होतं. मी स्वयंपाकघरात थांबते. चुकतंय का?
*एक सून*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शाळेत ज्यांनी काढलं त्यांचं चुकलं, असं गाणं शिकवणारी बाई म्हणून मी सांगते.

तुमच्या सासरी जी वचनं म्हणतात त्यात शिवभक्त संत बसवण्णांचं एक वचन नक्की असेल. त्यात ते म्हणतात की मला ताल कळत नाही, मात्रांचा हिशोब कळत नाही, मी आपला प्रेम येईल तसा गातो. हे बाराव्या शतकातलं. आता आपल्या सतराव्या शतकातल्या तुकोबांचा अभंग काढा: ‘नये जरी तुज मधुर उत्तर । दिधला सुस्वर नाहीं देवें ॥ नाहीं तयाविण भुकेला विठ्ठल । येईल तैसा बोल रामकृष्ण ॥’ मधे पाचशे वर्षं, भाषा दोन, आणि बोलणं जणू एकाच माणसाचं. हे दोन्ही पहिल्यांदा शेजारी ठेवून वाचले तेव्हा मी पेटी बंद करून बसून राहिले होते. बसवण्णांचं आणखी एक वचन आहे, माझ्या देहाचा वीणेचा दांडा कर, डोक्याचा भोपळा कर, शिरांच्या तारा कर, आणि छातीशी धरून वाजव. त्यात गाणारा तर देवच आहे, माणूस नुसतं वाद्य. वाद्याला कुठं विचारतात तुझा सूर लागतो का?

भाषेचं म्हणाल तर आपल्या या पट्ट्यात भाषेवरून माणसं खूप दुखावली आहेत, मीही त्यातलीच एक. पण देवळाच्या उंबऱ्याच्या आत ते दुखणं मला कधी नेता आलं नाही. ज्ञानोबांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटलं. पुरंदरदासांनी कन्नडमध्ये शेकडो पदं रचली आणि प्रत्येकाच्या शेवटी त्याच विठ्ठलाचं नाव घातलं. बेळगावजवळच्या सुळेभावीत कानडी घरात जन्मलेले कुमार गंधर्व मराठी गायले, कबीर गायले. आणि तुमच्या तालुक्यातून वाहणारी मलप्रभा आमच्या कणकुंबीला उगम पावते. तिथून निघून ती तुमच्याकडून पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते. बसवण्णांच्या वचनांच्या शेवटी ज्या कूडलसंगमदेवाचं नाव येतं, तो तिथलाच.

आता काय करायचं ते सांगते. स्वयंपाकघरातून बाहेर या आणि पहिले आठ दिवस नुसता टाळ हातात घ्या. टाळ येत नसेल तर मांडीवर बोट. भिंतीला किंवा खांबाला पाठ लावून बसा, तिथं आपला आवाज आपल्याला परत ऐकू येतो, आणि सूर न लागणाऱ्यांतल्या बहुतेकांची अडचण तीच असते, त्यांनी स्वतःला कधी ऐकलेलं नसतं. शेजारी ज्यांचा आवाज शांत आहे अशी बाई निवडा आणि ओठ मिटून तिच्या सुरात गुणगुणा. सूर हलला तर थांबा, परत धरा. शब्द सासूबाईंकडून घ्या, भाकरी थापताना, एका दिवसाला एक ओळ. अर्थ विचारल्याशिवाय पाठ करू नका.

ते ताल-मात्रांचं वचन पाठ झालं की कन्नड शब्द देवनागरीत लिहून मला धाडा, ऱ्हस्व-दीर्घ सासूबाईंकडून तपासून. आमच्या मंडळात ते कुणाला येत नाही. कार्तिकी एकादशीला तुकोबांचा अभंग आणि ते वचन लागोपाठ म्हणायचं माझ्या मनात आहे. पट्टी खालची ठेवीन, त्यामुळे तुम्हाला यायला जमलं तर तुमचाही आवाज बसेल.